काळ्या गाडीतलं हिरवं पाणी

नंबररावांना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारलेली गॅरेजात कोणाला आठवत नाही. त्यांच्याकडे माणूस काहीही विचारायला आला, की पहिला प्रश्न ठरलेला असे: "नंबर काय?" पट्टा हवाय? नंबर काय. बल्ब उडालाय? नंबर काय. एकदा मालक हसत हसत आत आले आणि म्हणाले, "नंबरराव, मुलगी झाली!" तेव्हाही यांच्या तोंडून सवयीने "नंबर?" निघून गेलं. मालक म्हणाले, "दुसरी," आणि नाव कायमचं चिकटलं.

गॅरेज बड्या गाड्यांचं होतं. ज्यांच्या दारात पाय टाकायला पायरी लागते, अशा आलिशान एसयूव्ही तिथे येत. पांढऱ्या फरशीवर चार लिफ्ट, मागे स्टोअरची खोली, खोलीत लोखंडी रॅक आणि रॅकवर ऑइलचे, ब्रेकच्या तेलाचे, कूलंटचे कॅन. त्या खोलीच्या दारावर नंबररावांनी स्वतःच्या हाताने लिहून पाटी लावली होती: रंग बघू नका, नंबर बघा.

पाटी कूलंटसाठी होती. इंजिन थंड ठेवणारं हे पाणी, पण नुसतं पाणी नव्हे. त्यात धातूला गंज चढू नये, थंडीत गोठू नये, चढावर उकळू नये म्हणून औषधं असतात, आणि प्रत्येक इंजिनाला सोसणारं औषध निराळं. रंग मात्र सरबतात घालतात तसा वरून घातलेला. एकाचं गुलाबी ते दुसऱ्याचं जांभळं, आणि दोन हिरव्यांचं एकमेकांशी पटेलच असं नाही. म्हणून डब्यामागचा बारीक अक्षरातला नंबर वाचायचा, गाडीच्या पुस्तकातला नंबर वाचायचा, आणि दोन्ही जुळले तरच झाकण उघडायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला नंबरराव हे ऐकवत. वायरिंगचं काम करणारी बाई होती, तिची जीभ तिच्या स्क्रू-ड्रायव्हरइतकीच चालायची. ती म्हणे, "नंबरराव, घरी मीठ-साखरसुद्धा नंबर बघूनच घालत असाल!"

"दोन्ही पांढरंच असतं ना?" नंबरराव म्हणत. "मग बघायला नको?"

हा काटेकोरपणा वडिलांकडून आलेला नव्हता. वडीलही मेस्त्रीच, पण ट्रकचे, आणि जुन्या काळचे. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. इंजिनावर पंजा ठेवून ते ताप सांगायचे. मुलाच्या नंबरांची त्यांना मनापासून मजा वाटे. "इंजिनाला तहान लागते, पाणी पाजायचं. तहानेला कसला आलाय नंबर?" या एका गोष्टीवरून बापलेक वीस वर्षं भांडले, आणि दोघांनाही ते भांडण आवडायचं.

मग उस्तादांचं डोकं विस्कटत गेलं. आधी पान्यांची मापं विसरले, मग घरी येणारा रस्ता, मग सूनबाईंचं नाव. शेवटची चार वर्षं तर मुलगाही त्यांना मुलगा म्हणून ओळखू येत नव्हता. आपल्याकडे कामाला ठेवलेला कोणी मेस्त्री आहे, एवढंच त्यांना वाटे. रोज सकाळी खुर्चीत बसवलं की ते करड्या आवाजात विचारत, "मेस्त्री, पाणी बघितलं का?"

"बघितलं, उस्ताद."

"किती आहे?"

"भरलंय."

"बरं." मगच ते चहाच्या कपाला तोंड लावत.

हे आजारपण एकूण नऊ वर्षं चाललं. बाहेरच्या दाराला वरच्या बाजूला कडी, गॅसच्या बटणांवर टोप्या, बाथरूममध्ये धरायला लोखंडी दांडा. नंबररावांची बायको शाळेच्या ऑफिसात टायपिंग करायची, ती नोकरी तिने सोडली. दिवसा ती, सकाळ-संध्याकाळ हे, असं दोघांनी डोळ्यांत तेल घालून उस्तादांना सांभाळलं. नवरा-बायको शेवटचे एकत्र बाहेर कधी गेले होते, ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

एका मंगळवारी दुपारी बायको कपडे वाळत घालून आत आली. खिडकीपाशी खुर्चीत उस्तादांची मान एका बाजूला कलली होती. तिने हाक मारली, मग खांद्याला हात लावला, आणि मग गॅरेजात फोन केला.

भेटायला आलेला जो तो म्हणाला, "सुटले हो." काहीजण आवाज खाली आणून म्हणाले, "तुम्हीही सुटलात." नंबरराव मान हलवत. आता रडू येईल, नाहीतर निदान हलकं वाटेल, असं त्यांना वाटलं होतं. दोन्हींतलं काही आलं नाही. दुसऱ्या गावी असलेल्या धाकट्या बहिणीने तिसऱ्या दिवशी फोनवर विचारलं, "दादा, तू रडलास का?"

"नाही."

"रडून घे रे एकदा."

"बघतो," ते म्हणाले, चाकातली हवा बघायला सांगितल्यासारखे.

पाय झोपला की निदान मुंग्या येतात. यांना मुंग्याही आल्या नाहीत. सकाळी ठरल्या वेळेला डोळे उघडत, हात आपोआप कपात पाणी मोजून ओतत, आणि मग लक्षात येई की कप दोनच हवेत. त्याचं वाईट वाटत नसे. तिसऱ्या कपाचं पाणी ते परत भांड्यात ओतून टाकत, बस. बायको समोर बसलेली असे. तिच्याशी काय बोलावं हे सुचत नसे, कारण नऊ वर्षं दोघांचं बोलणं म्हणजे औषध दिलं का, कपडे बदलले का, झोपले का. आता ते तिन्ही प्रश्न संपले होते.

पाचव्या दिवशी ते कामावर गेले. मालक म्हणाले, "अहो, थांबायचं होतं की आठवडाभर." नंबररावांनी जेवणाचा डबा फळीवर ठेवला आणि ओव्हरऑल चढवला. घरी थांबून काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं, एवढंच.

त्याच आठवड्यात एक काळी एसयूव्ही आली. दातांच्या एका डॉक्टरबाईंची. त्यांचा ड्रायव्हर ती चालवायचा, साठी ओलांडलेला, शर्टाचं वरचं बटणही लावणारा, गाडी पुसताना कोपरे न विसरणारा. सगळे त्याला ड्रायव्हरकाका म्हणत. रेडिएटरचा एक पाइप पाझरत होता. नंबररावांनी तो बदलला, सांडलं तेवढं साडेतीन लिटर कूलंट भरलं, इंजिन चालवून बघितलं, कार्ड लिहिलं, सही केली. ड्रायव्हरकाका गाडी घेऊन गेले. सांगण्यासारखं त्या दिवशी काही घडलं नाही.

त्यानंतर तेविसाव्या दिवशी तीच गाडी दुसऱ्या गाडीच्या पाठीवर बसून आली. डॉक्टरबाई आईला डोळे दाखवायला डोंगरावरच्या हॉस्पिटलात घेऊन चालल्या होत्या. अर्ध्या चढावर काटा लाल पट्टीत गेला, बॉनेटमधून वाफ निघाली. ड्रायव्हरकाकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि तापलेलं झाकण उघडायचा मोह आवरला. पण त्या रस्त्याला सावली नव्हती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची म्हातारी दोन तास दगडावर बसली, तिला भोवळ आली, आणि शेवटी तिला एक दिवस हॉस्पिटलातच ठेवावं लागलं. जिवावरचं टळलं, पण डॉक्टरबाईंचा पारा गाडीच्याही वर गेला होता.

गाडी थंड झाल्यावर नंबररावांनी टाकीचं झाकण फिरवलं. आत पाणी नव्हतंच. मातकट हिरवा, लिबलिबीत लगदा होता, ओल्या साबणाचा तळाशी बसतो तसा.

"अगं बाई," वायरिंगवाली वाकून म्हणाली, "यात कोणी खळ ओतली की काय?"

मालकांनी एक नजर टाकली आणि निकाल दिला. "बाहेर कोणीतरी भलतंच काहीतरी ओतलंय. आपल्याकडून असं होत नाही." आणि ते डॉक्टरबाईंना फोन लावायला गेले.

फोनवर चौकशी झाली. मध्यंतरी कोणी बॉनेट उघडलं होतं का? हो, आठवड्यापूर्वी पेट्रोल पंपावर ड्रायव्हरने उघडलं होतं. का? म्हणे काचेचं पाणी भरायला. मग काय, झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती द्यायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. अकरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसाला डॉक्टरबाईंच्या यजमानांनी दुसऱ्या दिवसापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

हे सगळं नंबररावांच्या कानांवर पडत होतं. ते लगदा चमच्याने काढून बरणीत भरत होते.

पुढच्या दिवशी दुपारी ड्रायव्हरकाका बसने आले. गाडीशिवाय गॅरेजच्या फाटकात उभं राहायची त्यांना सवय नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना, म्हणून त्यांनी ते पाठीमागे धरले होते.

"मेस्त्री," ते म्हणाले, "मी फक्त काचेचं पाणी भरलं. त्याचं झाकण निळं असतं. अकरा वर्षांत मला तेवढंही कळलं नसेल का?"

"कळलं असेल," नंबरराव म्हणाले.

"मला कामावर परत घ्या असं कोणाला सांगू नका. ते राहू द्या. पण मी हे केलं नाही, एवढं तरी कोणीतरी म्हणा. त्या माउलीला मी त्या दगडावर बसवलं, तिच्या डोक्यावर माझा शर्ट धरला. आणि आता ती म्हणत असेल, यानेच घात केला."

नंबरराव थोडा वेळ त्यांच्या शर्टाच्या वरच्या बटणाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "थांबा. कार्ड बघतो."

ऑफिसच्या कपाटात महिन्यामहिन्याच्या फायली होत्या. काळ्या गाडीचं कार्ड लगेच सापडलं. वरच्या रकान्यात छापलेलं होतं: या गाडीला कोणत्या नंबरचं कूलंट लागतं. खाली चार ओळी सोडून त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलेलं होतं: भरलेलं कूलंट, साडेतीन लिटर, आणि डब्याचा नंबर. तो नंबर दुसरा होता. जुन्या पद्धतीच्या इंजिनांसाठी खालच्या फळीवर ठेवलेल्या हिरव्या कूलंटचा. या गाडीचं निळसर हिरवं वरच्या फळीवर असे. उजेड कमी असला तर दोन्ही सारखीच दिसत.

त्यांनी कार्ड तीनदा वाचलं. सही त्यांची, तारीख बरोबर, अक्षरात कुठे कंप नाही. डबा त्यांनी घेतला होता, नंबर त्यांनी वाचला होता, वाचून लिहिलाही होता, आणि त्या सबंध वेळात ते तिथे नव्हतेच. त्या दिवशी मनात काय होतं, ते त्यांनी आठवून बघितलं. काही नव्हतं.

वाईट वाटायला हवं, हे त्यांना कळत होतं. चारचौघांत कोणी विनोद सांगितला, आपल्याला तो समजला नाही, तरी आता हसायचं आहे हे कळतं, तसं. पण छाती धडधडली नाही, कानशिलं तापली नाहीत. त्यांनी फाइल जागेवर ठेवली, कार्ड हातात घेतलं आणि बाहेर आले.

"काका, तुम्ही नाही," ते म्हणाले. "मी."

"काय मी?"

"चुकीचं मी भरलं. हे बघा, वरचा नंबर आणि खालचा नंबर."

ड्रायव्हरकाका कार्डाकडे बघत हळूच एका जुन्या टायरवर बसले. "मेस्त्री, माझी समजूत घालायला म्हणताय का?"

"नाही. मला समजूत घालता येत नाही."

मालकांनी ऐकलं तेव्हा आधी त्यांनी ऑफिसचं दार लावलं. "कोणाला सांगितलंत?"

"ड्रायव्हरकाकांना. डॉक्टरबाईंना सांगायला चाललोय."

"अहो, झाकली मूठ सव्वा लाखाची! ती बाई गाडी दुरुस्त करून मागतेय, आपण करून देऊ, झकास करून देऊ. त्या ड्रायव्हरला मी दुसरीकडे चिकटवून देतो, माझी ओळख आहे. तुम्ही स्वतःहून हात दाखवून अवलक्षण कशाला करताय?"

"दोन नंबर आहेत, मालक. वर एक, खाली एक."

"ते दिसतंय मला!"

"मग झालं."

मालकांचा आवाज चढला. "गॅरेजचं नाव जाईल. पाटी तुमची, चूक तुमची! लोक हसतील. नंबरराव, तुम्हाला काही वाटतं की नाही?"

नंबररावांनी प्रश्नाचा खरोखर विचार केला. "नाही," ते म्हणाले. "सध्या नाही वाटत."

  मालक डोळे चोळत खुर्चीत बसले आणि म्हणाले, "जा. पण ओव्हरऑल काढून जा."

दवाखान्यात गाल सुजलेली चार माणसं रांगेत बसली होती. काउंटरवरच्या मुलीने नंबररावांना विचारलं, "कुठला दात?"

"दात नाही. कूलंट."

तिने मान वर करून बघितलं आणि त्यांना कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. पाऊण तासाने डॉक्टरबाई मास्क हनुवटीखाली ओढत बाहेर आल्या. नंबररावांनी उभं राहून सगळं सांगितलं. कोणतं भरायला हवं होतं, कोणतं भरलं, दोन औषधं एकमेकांत फाटून त्यांचा लगदा कसा होतो, त्याने बारीक नळ्या कशा तुंबतात. ड्रायव्हरने काचेचंच पाणी भरलं होतं, हेही सांगितलं. कार्ड पुढे धरलं.

डॉक्टरबाईंनी ते वाचलं. "माझी आई दोन तास उन्हात बसली होती."

"हो."

"ड्रायव्हरना आम्ही नको नको ते बोललो."

"हो."

"तुम्ही नुसतं हो म्हणताय!" त्या चिडून म्हणाल्या. "असं झालं कसं? मालक तर म्हणत होते, कूलंटमध्ये तुमच्यासारखा माणूस नाही."

"लक्ष नव्हतं. त्या आठवड्यात वडील गेले होते." मग त्यांनी लगेच जोडलं, "पण ते कारण म्हणून सांगत नाही. माणसं जातात. कामं नीट व्हायला हवीत."

रांगेतला एक सुजलेला गाल दोघांकडे आळीपाळीने बघत होता.  डॉक्टरबाईंनी कार्ड परत दिलं. "गाडी दुसरीकडे नेऊ का?"

"न्यायची तर न्या. कोणतं कूलंट लागतं तो नंबर मी कागदावर लिहून देतो. ते मात्र बघून घ्या, कोणीही भरलं तरी."

"तुम्हीच करा," त्या म्हणाल्या. "एकदा मी एका माणसाच्या चुकीच्या दाढेत सिमेंट भरलं होतं. तो परत माझ्याकडेच आला. म्हणाला, आता निदान तुम्ही नीट बघाल." हे सांगताना त्या हसल्या नाहीत. मास्क वर ओढला, आणि दारात थांबून म्हणाल्या, "ड्रायव्हरकाकांकडे मी आज स्वतः जाते."

दुरुस्तीला पाच दिवस लागले. नंबररावांनी सगळी यंत्रणा रिकामी केली. थर्मोस्टॅट नवा घातला. हीटरची जाळी इतकी तुंबली होती की तीही बदलावी लागली. मग शुद्ध केलेलं पाणी भरायचं, इंजिन तापेपर्यंत चालवायचं, थंड होऊ द्यायचं, काढून टाकायचं. पहिलं पाणी डाळीच्या धुवणासारखं गढूळ आलं. तिसऱ्यांदा फिकट झालं. मालक म्हणाले, आता बास. नंबररावांनी सात वेळा केलं, शेवटचं पाणी काचेच्या ग्लासात धरून खिडकीपाशी नेलं, पलीकडे भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख वाचता आली तेव्हा थांबले.

आता प्रश्न, भरायचं काय. मालकांनी एक नवाकोरा कॅन आणून ठेवला. त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सर्व गाड्यांसाठी, सर्व रंगांशी चालणारं. "हे घ्या. घोळच नको पुन्हा."

नंबररावांनी कॅन फिरवून मागची बाजू वाचली, अगदी तळाच्या ओळीपर्यंत. "यात या गाडीचा नंबर छापलेला नाही."

"सर्व गाड्या म्हटल्यावर ही आलीच की त्यात!"

"असेलही. पण ज्याने इंजिन बनवलं त्याने एक नंबर लिहून ठेवलाय. तो यावर नाही. उद्या काही झालं तर इंजिनवाले आणि कॅनवाले दोघंही म्हणतील, आम्ही कुठे सांगितलं होतं?"

त्यांनी गाडीच्या कप्प्यातलं पुस्तक काढलं, पान उघडलं, वरच्या फळीवरचा कॅन आणला. मग वायरिंगवालीला हाक मारली. "इकडे या. पुस्तकातला नंबर तुम्ही मोठ्याने वाचा. डब्यावरचा मी वाचतो."

"मी कशाला? तुम्हाला वाचता येत नाही?"

"त्या दिवशीही वाचता येत होतं," नंबरराव म्हणाले.

 ती हात पुसून आली आणि शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर, एकेक आकडा वाचत गेली. सगळं जुळलं. कॅनमधलं घट्ट होतं, म्हणजे निम्मं हे आणि निम्मं शुद्ध पाणी असं मिसळायला हवं. नुसतं घट्ट घातलं तर जास्त चांगलं, असं पुष्कळांना वाटतं. खरं तर त्याने इंजिन कमीच थंड होतं. नळाचं पाणीही चालत नाही, त्यातला क्षार नळ्यांत बसतो. त्यांनी मापाने मिसळलं, एक थेंब तपासणीच्या काचेवर टाकून बघितला, आणि वायरिंगवालीलाही बघायला लावलं. मग नळ्यांतली हवा ओढून घेऊन भरलं, हीटर पूर्ण उघडून इंजिन चालवलं, पुन्हा पातळी बघितली. हात बरोबर चालत होते. त्यांना त्याचा आनंद झाला नाही, पण या वेळी ते हातांबरोबर होते.

चढावर नेऊन बघितल्याशिवाय गाडी द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. चालवायला ड्रायव्हरकाका आले. डॉक्टरबाई त्यांच्या घरी गेल्या होत्या, माफी मागितली होती. कामावर परत यायला काकांनी लगेच होकार दिला नव्हता. डॉक्टरबाईंना दोन दिवस वाट बघायला लावून मग आले होते. "लगेच हो म्हटलं असतं," ते नंबररावांना म्हणाले, "तर मलाच माझा राग आला असता."

सकाळी दहाला निघाले. रस्ता वळणं घेत वर चढत गेला. नंबररावांची नजर काट्यावर. काटा अर्ध्यावर आला आणि तिथेच बसला. ज्या वळणावर गाडी उकळली होती, तिथे ड्रायव्हरकाकांनी वेग कमी केला, एका दगडाकडे बोट केलं, "हा तो," एवढंच म्हणाले, आणि पुढे गेले. अगदी वर पोचल्यावर दोघं उतरले. इंजिन चालू ठेवून नंबररावांनी पाइपांवरून हात फिरवला. कुठे थेंब नाही. खाली शहर राखाडी दिसत होतं. दोघांनी जेवणाचे डबे उघडले.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?" ड्रायव्हरकाकांनी विचारलं.

"बायको. आणि वडील," नंबरराव म्हणाले. घास तसाच राहिला. "नाही. वडील नाहीत. वारले. दीड महिना झाला."

लोक म्हणत होते, गेले, सुटले. त्यांनी स्वतः अजून हे वाक्य कोणाला असं बोलून दाखवलं नव्हतं. डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा ते कार्डावरच्या नोंदीसारखं निघालं होतं.

"फार त्रास झाला?"

"नऊ वर्षं झाला. आता काहीच होत नाही. ना बरं, ना वाईट. तुमची नोकरी गेली तेव्हाही मला काही झालं नाही, काका. खोटं कशाला सांगू?"

ड्रायव्हरकाकांनी राग मानला नाही. सावकाश चावून घास गिळला. "माझी बायको गेली तेव्हा मला वर्षभर मिठाची चव लागत नव्हती. मुलगी म्हणायची, बाबा, आज खारट झालंय, टाकून द्या. मी सगळं जेवून मोकळा."

"मग?"

"मग एक दिवस लागली. काही विशेष घडलं नव्हतं त्या दिवशी. भाजीत मीठ जास्त होतं, एवढंच."

नंबररावांनी मान हलवली. पटलं की नाही ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. डबे झाकून दोघं खाली उतरले, आणि त्याच संध्याकाळी गाडी डॉक्टरबाईंच्या दारात उभी राहिली. त्यांची आई गॅलरीतून ड्रायव्हरकाकांना बघून काहीतरी ओरडली. शिव्या होत्या की आशीर्वाद, ते खाली ऐकू आलं नाही. ड्रायव्हरकाका मात्र हात जोडून हसले.

मालकांनी नंबररावांना काढलं नाही. कूलंट भरताना दोघांनी नंबर वाचायचा आणि दोघांनी सही करायची, असा नियम तेवढा केला. नियम कोणामुळे आला हे सगळ्यांना ठाऊक होतं. काही दिवस टोमणे झाले, नंबररावांनी ते ऐकून घेतले, मग टोमणे मारणारेच कंटाळले.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "ती खोली मोकळी करू या का?" त्यांनी हो म्हटलं. खोलीत उस्तादांचा लोखंडी पलंग होता, दोन्ही बाजूंना कठडे बसवलेला. तो दारातून उभा जाईना, आडवाही जाईना. कठडे सोडवायला नंबरराव खाली बसले. एक बोल्ट गंजून घट्ट झाला होता. ते त्याच्याशी झटत असताना पलंगाचं दुसरं टोक धरून उभी असलेली बायको अचानक फरशीवर बसली आणि रडायला लागली. मोठ्याने, नाक न पुसता, लहान मूल रडतं तशी. नऊ वर्षांत त्यांनी तिला असं रडताना बघितलं नव्हतं. त्यातल्या कुठल्याही दिवशी ती रडली असती, तर त्यांना त्यासाठी वेळ नसता.

पाना खाली ठेवून ते सरकत तिच्याजवळ गेले आणि शेजारी बसले. त्यांना रडू आलं नाही. तिचा खांदा आपल्या खांद्याला लागून हलतोय, एवढं मात्र त्यांना जाणवलं, आणि ते हलणं थांबेपर्यंत ते तिथून उठले नाहीत.

बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं. "तो बोल्ट राहू द्या," ती म्हणाली. "तिरका करून बघू. उचला तुम्ही तिकडून."

त्यांनी तिकडून उचलला.